गव्हर्नरांच्या घरातली तामार

ॲशबी लँडिंग,
९ डिसेंबर १८२२

प्रिय ताई,

झालं एकदाचं! परवा सकाळी मी शपथ घेतली. "याच्या हातून धड सरपणसुद्धा फुटत नाही," असं बाबा ज्याच्याबद्दल अख्ख्या हॅडलॉक गावाला सांगत सुटायचे, तो तुझा भाऊ आता या राज्याचा गव्हर्नर आहे. पण फार हुरळून जाऊ नकोस. राज्य अजून पाच वर्षांचंही नाही. विधानसभेचं छप्पर गळतं. मी शपथ घेत होतो तेव्हा बायबलवर पाणी ठिबकत होतं आणि न्यायाधीश महाराज ते बाहीनं पुसत होते. सभासद तंबाखू चघळतात, थुंकतात, आणि दहांपैकी सात वेळा त्यांचा नेम चुकतो.

मी सेक्रेटरीला विचारलं, "माझ्या हातात नक्की आहे तरी काय?" तो म्हणाला, "साहेब, भाषण करता येतं, माफी देता येते आणि दुसऱ्या राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिता येतात." एवढंच म्हणे. बारा वर्षं मी इथे लाकूड कापण्याची गिरणी चालवली, तेव्हा माझ्या हातात याहून जास्त सत्ता होती.

केझायाने त्या दिवशी मक्याची भाकरी केली, डुकराचं मांस भाजलं आणि चाळीस माणसं जेवू घातली. मला मात्र अजून "धाकटे साहेब"च म्हणते. मी म्हटलं, "केझाया, आता तरी गव्हर्नर म्हण." तर म्हणाली, "तुमचं नाक मी पुसलंय, माझ्या तोंडून ते निघायचं नाही." माझी बायको लोइस गेल्यापासून हे घर तिनेच धरून ठेवलंय. तिची तामार सोळा वर्षांची झाली. लोइसने तिला वाचायला शिकवलं होतं, ते आता कामी येतंय. रोज सकाळी ती मला वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि माझी भाषणं स्वच्छ अक्षरात उतरवून देते. आईला अक्षर कळत नाही आणि लेक गव्हर्नरच्या चुका काढते!

तुझा,
जोथम

*

हॅडलॉक, न्यू हॅम्पशायर,
२ फेब्रुवारी १८२३

जोथम,

पत्र मिळालं. पाद्रीबाबांनी रविवारी ते सगळ्यांसमोर वाचलं, थुंकण्याचा भाग गाळून. बाबा असते तर म्हणाले असते, "छप्पर गळतंय आणि हा शपथा कसल्या घेतोय?" माझंही तेच मत.

मला एकच सांग. तुमच्याकडे दक्षिणेतून आलेल्या लोकांनी राज्याची घटना बदलून गुलामी आणायचा घाट घातलाय, असं इथल्या पेपरात आलंय. खरं आहे का? केझाया काळी असली तरी या घरात जन्मली, मोकळी जन्मली, कोणाची गुलाम म्हणून नव्हे. तामार जन्मली तेव्हा मी सुइणीच्या शेजारी दिवा धरून उभी होते. त्या दोघींना मी तुझ्याबरोबर पाठवलं ते तुझ्या शब्दावर. हे विसरू नकोस.

तामारला म्हणावं, पत्राखाली दोन ओळी स्वतः लिहीत जा. तुझं अक्षर वाचताना माझे डोळे जातात.

मेहिटेबल

*

ॲशबी लँडिंग,
२० जून १८२३

प्रिय ताई,

खरं आहे. विधानसभेत ते जिंकले. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अख्ख्या राज्याचं मतदान आहे: घटना नव्याने लिहायची की नाही. नव्याने लिहायची म्हणजे काय करायचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते जिंकले तर या नदीच्या दोन्ही काठांवर माणसांचा बाजार भरेल. ताई, मी हयातीत पहिल्यांदाच एखाद्या गोष्टीसाठी जीव तोडून उभा राहिलोय. घोड्यावरून गावोगाव हिंडतो. दोन गावांत माझ्यावर अंडी फेकली, एका गावात दगड.

दक्षिणेकडच्या तीन जिल्ह्यांवर सगळं अडलंय. तिथे कर्नल ब्रॅशर म्हणतील ती पूर्व दिशा. स्वतः केंटकीचे, म्हणजे गुलामांच्या मुलखातले, पण गुलामीच्या विरुद्ध. म्हणतात, "गुलाम आले की गरीब गोऱ्याला मजुरी मिळत नाही." कारण काही का असेना, माणूस आपल्या बाजूचा आहे. ते आहेत म्हणून आशा आहे.

तुझा,
जोथम

आत्याबाई, मी तामार. साहेबांनी वर "जीव तोडून" लिहिलंय ते खरं आहे, घोडा पण तेच म्हणतो. आई बरी आहे. तिचा गुडघा दुखतो पण सांगत नाही. तुम्ही पाठवलेला निळा गाऊन मला आखूड झाला, मी त्याला खाली पट्टी लावली. इथे नदी इतकी रुंद आहे की पलीकडची गाय कुत्र्याएवढी दिसते.

*

ॲशबी लँडिंग,
११ जानेवारी १८२४

प्रिय ताई,

बरेच दिवस पत्र नाही म्हणून काळजीत असशील. मतदानाची धामधूम आहे. आणि एक वाईट बातमी आहे. कसं लिहावं कळत नव्हतं.

नोव्हेंबरच्या अठरा तारखेला तामार नदीवर कपडे धुवायला गेली होती. परत आली नाही. टोपली तिथेच होती. पलीकडच्या कोळ्याने पाहिलं, तिघा माणसांनी तिला होडीत घातलं आणि होडी प्रवाहाबरोबर खालच्या बाजूला गेली. इकडे असं घडतं, ताई. काळ्या माणसाला धरायचं, नदीने खाली गुलामांच्या मुलखात न्यायचं आणि विकायचं. पण माझ्या घरातली मुलगी नेतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या तिघांत एकाला केझायानेही आदल्या दिवशी घाटावर पाहिलं होतं. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

मी खालच्या राज्याच्या गव्हर्नरना पत्र लिहिणार आहे. गव्हर्नरने गव्हर्नरला लिहिलं तर शोध होतो, माणूस परत मिळतो. गेल्या वर्षी एकजण असाच परत आला. पण ती मोकळी जन्मली याचा पुरावा लागेल. चर्चच्या वहीतला उतारा पाद्रीबाबांच्या सहीने लवकर पाठव.

केझाया स्वयंपाक करते.

जोथम

*

हॅडलॉक,
२४ फेब्रुवारी १८२४

जोथम,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं, आज सकाळी उतारा तयार झाला. पाद्रीबाबांना ताप होता, त्यांनी अंथरुणात बसून सही केली. मी शपथपत्र दिलं. सुईण नव्वदीची आहे, तिने अंगठा दिला. सगळं या पाकिटात आहे. पत्र आजच्या आज पुढे पाठव.

नोव्हेंबरात घडलं आणि तू जानेवारीत लिहितोस! त्यावर आत्ता बोलत नाही.

सोबत केझायासाठी वेगळी चिठ्ठी आहे. तिला शब्दन् शब्द वाचून दाखव. त्यात लिहिलंय की पुरावा पाठवलाय, तुझी लेक कायद्याने मोकळी आहे, जोथमच्या एका पत्राचं काम आहे, धीर धर.

मेहिटेबल

*

ॲशबी लँडिंग,
६ मे १८२४

प्रिय ताई,

कागद पोचले. पाद्रीबाबांचे आभार मान. काम योग्य दिशेने चालू आहे. अशा बाबतीत वेळ साधावी लागते. तू लांब आहेस, तुला इथली परिस्थिती दिसत नाही.

केझायाला चिठ्ठी वाचून दाखवली. तिला बरं वाटलं.

मतदानाला तीन महिने उरले. झोप नाही, भूक नाही. राज्यातल्या प्रत्येक काळ्या माणसाचं, आणि अजून जन्मायच्या हजारोंचं भवितव्य यावर आहे. हे तू ध्यानात घे, एवढंच मागणं.

जोथम

*

हॅडलॉक,
१३ जुलै १८२४

जोथम,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. "पत्र पाठवलं" हे दोन शब्द त्यात कुठे सापडतात का, ते शोधत होते.

आणि काल आपल्या गावचा एक फेरीवाला तुमच्या बाजूने आला. त्याच्या मालाला तुमच्याकडचा पेपर गुंडाळलेला होता. त्यात १४ जूनचं तुझं निवेदन आहे, खाली तुझं नाव. मी ते इथे उतरवते, म्हणजे तुला परत एकदा वाचता येईल: "माझ्या घरातून कोणी मुलगी पळवली गेली, आणि त्याचा आळ मी दक्षिणेकडच्या जिल्ह्यांतल्या सभ्य गृहस्थांवर घेत आहे, ही विरोधकांनी उठवलेली कंडी आहे. माझ्या छपराखालून कोणीही नाहीसं झालेलं नाही."

मला उलगडून सांग. मी म्हातारी बाई आहे, मला वेळ साधणं वगैरे कळत नाही. तू पत्र पाठवलंस की नाही?

मेहिटेबल

*

ॲशबी लँडिंग,
२९ ऑगस्ट १८२४

ताई,

आपण जिंकलो. सोळाशे मतांनी. दक्षिणेकडचे तिन्ही जिल्हे आपल्या बाजूने पडले. या राज्यात गुलामी येणार नाही, आता कधीच नाही. लोकांनी मला खांद्यावर घेऊन घाटापासून विधानसभेपर्यंत नेलं. मी त्या खांद्यांवर बसलो होतो आणि खाली बघायची माझी हिंमत होत नव्हती.

नाही, ताई. पत्र पाठवलं नव्हतं.

केझायाने पाहिलेला तो माणूस कर्नल ब्रॅशरचा सख्खा पुतण्या. डिसेंबरमध्ये मी कर्नलना घरी बोलावलं. ते म्हणाले, "गव्हर्नर, पोरगं नालायक आहे, मला माहीत आहे. पण माझ्या भावाचं रक्त आहे. तुम्ही त्याचं नाव कागदावर आणा, आणि मग तीन जिल्हे विसरा. निवडा." मी म्हटलं, "ती माझ्या घरातली मुलगी आहे." ते म्हणाले, "आणि बाकीची हजारो? त्यांचं घर कुठलं?" ताई, मी त्यांना दारापर्यंत पोचवलं. मी मनाशी ठरवलं, ऑगस्ट झाला की त्याच दिवशी पत्र लिहायचं. आठ महिन्यांचा प्रश्न आहे. मग विरोधकांनी बोभाटा केला, ब्रॅशरनी निरोप धाडला, आणि मी ते निवेदन दिलं.

तुझी चिठ्ठी मी केझायाला वाचून दाखवली, पण पुराव्याचा भाग गाळला. ती विचारत होती, "आत्याबाई एवढंच म्हणाल्या?" मी म्हटलं, "एवढंच." तिने चिठ्ठी घडी घालून पोलक्यात ठेवली. मतदानाच्या आठवडाभर आधी ती इथल्या मेथॉडिस्ट पंथाच्या पाद्र्याच्या बायकोकडे गेली आणि चिठ्ठी तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली.

घरी आली तेव्हा मी जेवत होतो. म्हणाली, "धाकटे साहेब, कागद कुठंय?" मी म्हटलं, "केझाया, फक्त सात दिवस." ती म्हणाली, "तुमचे सात दिवस तिकडे किती होतात, ठाऊक आहे तुम्हाला?" मी खण उघडून कागद दिले. काय करणार होतो? दुसऱ्या दिवशी ती घरात नव्हती. खाली जाणाऱ्या बोटीवर लोकांनी तिला पाहिलं.

मतमोजणी संपली त्याच तासाला मी खालच्या गव्हर्नरना पत्र लिहिलं. केझायाबद्दलही लिहिलं. उत्तराची वाट पाहतोय.

जोथम

*

हॅडलॉक,
१० ऑक्टोबर १८२४

जोथम,

गावात तुझा जयजयकार चाललाय. पाद्रीबाबा एप्रिलमध्ये गेले, नवे आलेत, त्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. मी बाकावरून उठले नाही, गुडघेही टेकले नाहीत. लोकांना वाटलं संधिवात आहे.

तू हजारो वाचवलेस म्हणतोस. वाचवले असशील. मी त्यांना ओळखत नाही. देव त्यांचा हिशेब तुझ्या बाजूला मांडो. पण जिला मी दिव्याच्या उजेडात पहिल्यांदा पाहिलं, तिची निवड करायचा अधिकार तुला कोणी दिला होता? तुझं काही दिलं असतंस तर गोष्ट वेगळी. गव्हर्नरपद दिलं असतंस, गिरणी दिली असतीस, तर मी तुला संत म्हटलं असतं. तू केझायाची लेक दिलीस. ती तुझी नव्हती.

आता ऊठ आणि स्वतः जा.

मेहिटेबल

*

ॲशबी लँडिंग,
३ मार्च १८२५

ताई,

जाऊ शकत नाही. राज्याबाहेर पाऊल ठेवलं की कायद्याने कारभार उपगव्हर्नरकडे जातो. तो त्यांच्या बाजूचा आहे. मी सीमा ओलांडताच काय काय करून ठेवील सांगता येत नाही. डिसेंबर १८२६ ला माझी मुदत संपते. त्या दिवशी निघतो.

खालच्या गव्हर्नरचं उत्तर आलं. दोन ओळी. "आपण ज्या मुलीबद्दल लिहिता, ती नाहीशीच झालेली नाही असं आपल्याच निवेदनावरून कळतं. कात्रण सोबत जोडलं आहे."

मी आणखी सहा पत्रं लिहिली. केझायाची काही खबर नाही.

जोथम

*

सेंट एव्हरार्ड बंदर,
१९ एप्रिल १८२७

ताई,

तुझ्याकडून दोन वर्षं एक अक्षर नाही. तरी लिहितो, कारण हे तुला कळलं पाहिजे.

जानेवारीत इथे खालच्या राज्यात आलो. पहिल्याच आठवड्यात केझाया सापडली, म्हणजे तुरुंगाच्या वहीत सापडली. १८२४ चा सप्टेंबर. "केझाया, वय सुमारे पंचेचाळीस, स्वतःला मोकळी म्हणवते, पळालेली गुलाम असल्याचा संशय. ज्वराने मृत." बारा दिवस ती आत होती. कागद दाखवत होती म्हणे. तुरुंगाधिकाऱ्याने मला सांगितलं, "साहेब, इथे येणारी प्रत्येक जण कागद दाखवते." कुठे पुरलं, त्याला आठवत नव्हतं.

तामारला शोधायला दोन महिने लागले. बंदरापासून वीस मैलांवर कापसाचा मळा आहे. तिथे तिला रोझेट म्हणतात. मी लांबूनच ओळखलं. वकील केला, फिर्याद लावली. हॅडलॉकहून नव्या पाद्र्यांनी उताऱ्याची दुसरी प्रत पाठवली होती. तू मागून घेतलीस हे मी जाणतो.

परवा निकाल झाला. न्यायाधीश वाईट माणूस नव्हता. उतारा त्याने दोनदा वाचला. म्हणाला, "केझायाची मुलगी तामार मोकळी जन्मली, हे मला मान्य. पण ही बाई तीच तामार कशावरून?" मी म्हटलं, "मी सांगतो. ती चार वर्षांची असल्यापासून माझ्या घरात होती." तेव्हा मालकाचा वकील उठला. त्याच्या हातात ते कात्रण होतं. त्याने ते सावकाश वाचलं. माझ्या छपराखालून कोणीही नाहीसं झालेलं नाही.

न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुमचं?"

"माझं."

"तेव्हा तुम्ही गव्हर्नर होता?"

"होतो."

"मग तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आज बोलताय?"

मी म्हटलं, "तेव्हा." लोक हसले. न्यायाधीश हसला नाही. म्हणाला, "महाशय, गव्हर्नरच्या सहीचा शब्द आणि त्याच माणसाचा नंतरचा शब्द, यांत मी कुठला धरू? तुमच्या घरातली मुलगी पळवली असती तर तुम्ही नऊ महिने गप्प बसला असतात, हे कोणाही शहाण्या माणसाला पटेल का?" मलाच पटत नव्हतं. फिर्याद फेटाळली.

बाहेर अंगणात मालक गाडी जोडत होता, तेवढा वेळ तिला माझ्याशी बोलू दिलं. ती एकवीस वर्षांची आहे, ताई, आणि पस्तिशीची दिसते. कडेवर मूल होतं. तिने पहिल्यांदा विचारलं, "आई बरी आहे ना?" केझाया तिला शोधत इथवर आली होती, हे तामारला ठाऊकच नव्हतं. मी सांगितलं. सगळं सांगितलं, खणातल्या कागदांसकट. मुलाने तिच्या गळ्यातला दोरा तोंडात घातला, तो तिने काढला. मग म्हणाली, "आता तुम्ही जा, साहेब. मालक बघतायत. जास्त बोलले तर घरी गेल्यावर मला त्याचा जाब द्यावा लागेल."

मी म्हटलं, "मी वरच्या कोर्टात जाईन." ती म्हणाली, "जा." रागाने म्हणाली नाही. एखाद्याला वाटेतून बाजूला हो म्हणावं, तसं म्हणाली.

वकील म्हणतो, त्या कात्रणापुढे वरच्या कोर्टातही काही चालायचं नाही. मालकाने तिला मला विकायलाही साफ नकार दिला.

मी अजून इथेच आहे. कशासाठी ते कळत नाही.

तुझा,
जोथम

*

हॅडलॉक,
८ जून १८२७

जोथम,

केझायाचं कळलं. तिच्या नावाने चर्चच्या अंगणात दगड बसवला आहे. त्याखाली काही नाही.

शाळेच्या मास्तरांनी गेल्या आठवड्यात देशाचा नवा नकाशा आणला. तुझ्या राज्यात नदीच्या काठाने एक नवा जिल्हा केलाय, त्याला आपलं आडनाव दिलंय: लॅरबी. मास्तरांनी बोट ठेवून दाखवलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. रविवारी चर्चच्या दारात लोक माझा हात हातात घेत होते, म्हणत होते, "केवढा अभिमान वाटत असेल तुम्हाला." मी मान हलवली. त्यांना काय सांगणार होते?

तू राहा किंवा ये. इथे तुझी खोली आहे, मी दार लावून घेणार नाही. पण तू आलास तरी आपण दोघं एका टेबलाशी बसून काय बोलू, हे मला सुचत नाही.

तुझं पत्र मी रोज वाचते. न्यायाधीश काय म्हणाला, वकील काय म्हणाला, लोक कधी हसले, सगळं तू नीट लिहिलंयस. तिच्या कडेवर मूल होतं, एवढंच लिहिलंस. नाव काय त्याचं? तू विचारलंस तरी का? मुलगा आहे की मुलगी, तेही लिहिलं नाहीस.

मेहिटेबल